जास्वंदीवरचा पांढरा कापूस दर उन्हाळ्यात परत का येतो, आणि मी चार वर्षं भलत्यालाच कशी मारत बसले

होळी आली की आमच्या गच्चीवरच्या जास्वंदीला पांढरा कापूस लागायला सुरुवात होते. माघात झाड काय सुरेख फुटलेलं असतं, पोपटी पालवी, शेंड्याशेंड्याला कळ्या, सकाळी शिंजीर येऊन फांदीला उलटा लटकून फुलात चोच घालतोय, आणि मग पंधरा दिवसांत शेंडे मुरडून कोबीच्या गड्ड्यासारखे गोळा, कळ्या पिवळ्या पडून टपाटप खाली, पानं चिकट आणि त्या चिकटावर काळी काजळी. सासूबाईंना संकष्टीला लाल फूल लागतं, त्यांचं म्हणणं, एवढं मोठं झाड दारात असून मंडईतनं फूल विकत आणायचं म्हणजे काय. आता यावर काय बोलणार.

तुमच्याकडेपण फवारलं की जातं, पंधरा-वीस दिवसांनी परत येतं, परत फवारायचं असं चालू असेल तर हे वाचा. हा पांढरा कापूस म्हणजे मिलीबग नावाचा किडा, आणि तो कसा मारायचा हे सगळेच सांगतात, माळीकाकांपासून शेजारच्या वहिनींपर्यंत. मेलेला परत का येतो ते मात्र मला कोणी सांगितलं नाही, ते फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा जरा लाजच वाटली.

आधी किडा तोच आहे का ते बघा. मराठीत पिठ्या ढेकूण, नाव अगदी चपखल, पिठात लोळवल्यासारखा पांढरा, दोन-तीन मिलीमीटरचा, फांदीच्या बेचक्यात आणि पानाच्या मागच्या शिरेला चिकटून बसलेला, हलत नाही म्हणजे जवळजवळ नाहीच. टूथपिकने एक चिरडून बघा, आतून गुलाबी-लालसर निघाला तर जास्वंदीचा नेहमीचा, पिवळा निघाला तर बहुतेक पपईवरचा. दोन्ही जास्वंदीवर येतात. आमच्याकडे दोन्ही निघाले, कारण कंपाउंडच्या पलीकडे रिकाम्या प्लॉटमध्ये एक आपोआप उगवलेली पपई आहे आणि खाली कमरेएवढं गाजर गवत. हे गवतपण मिलीबगचं माहेरघर आहे. (आणि हे गवत देशात फोफावल्याची ठळक नोंद १९५५ च्या सुमाराला आपल्या पुण्यातच झालीये, म्हणजे ही भेट आपणच सगळ्यांना दिली म्हणायची.)

पण शेंडे नीट आहेत, पांढरं काही दिसत नाही आणि तरी कळ्या गळतायत, असं असेल तर मामला वेगळा आहे. गळलेली कळी ब्लेडने उभी चिरा. आत बारीक पांढरट-पिवळ्या अळ्या असल्या, आणि त्यातली एखादी टुणकन उडी मारते, तर ती कळीत अंडी घालणाऱ्या एका बारीक माशीची करामत, ती मोगऱ्यालापण त्रास देते. त्याला फवारून फार उपयोग नाही कारण अळी कळीच्या आत सुरक्षित असते, गळलेल्या आणि पिवळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाकायच्या, त्या कुंडीतल्या मातीत पडून राहिल्या की अळ्या मातीत जाऊन तिथेच कोष करतात आणि चक्र चालू. आणि चिरल्यावर आत काहीच नसलं तर पाण्याचं बघा, दोन दिवस गावाला गेलो आणि कुंडी खडखडीत वाळली की जास्वंद रुसून सगळ्या कळ्या टाकून देते, त्यात किड्याचा काही दोष नाही.

आता आमची मिलीबगची कथा. पहिल्या वर्षी तंबाखूचं पाणी आणि कपड्याचा साबण. घरभर असा वास की मुलगा म्हणाला आई कोणी विडी ओढतंय का. आठ दिवस बरं वाटलं, मग परत.

दुसऱ्या वर्षी एका दुकानात गेले, त्यांनी बाटली दिली, इमिडाक्लोप्रिड, म्हणाले मुळाशी घाला, झाड ते पिऊन घेतं, रस शोषणारा कुठलाही किडा शिल्लक राहणार नाही. आणि खरंच राहिला नाही, तीन आठवडे झाड लख्ख. मी सगळ्यांना सांगत सुटले. मग चैत्रात मिलीबग परत आला तो आधीच्या दुप्पट, आणि सोबत लाल कोळी, पानं मागून तांबूस, बारीक जाळं. हे का झालं ते नंतर वाचल्यावर कळलं, ते औषध झाडाच्या रसात उतरतं म्हणजे फुलातल्या मधातपण थोडं उतरतं, मधमाशीला ते बाधतं (युरोपात त्याचा उघड्यावरचा वापर २०१८ मध्ये बंद केला तो मधमाशांपायीच), किडे खाणारे ढालकिडेही त्यात जातात, आणि लाल कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात, त्याच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही, उलट त्याचे वैरी मेल्यामुळे त्याला रान मोकळं. शिंजीर त्याच फुलातनं पीत होता हे आठवलं की अजून कसंतरी होतं. फुलं देवाला वाहायची आणि त्यात हे, नकोच.

तिसऱ्या वर्षी वैतागून झाडच काढून टाकलं, सोलापूर रोडच्या एका नर्सरीतनं नवीन आणलं, नवी कुंडी, नवी माती, सगळं नवं. फाल्गुनात हजर.

चौथ्या वर्षी म्हटलं आता हाताने साफ करायचं, जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन रोज सकाळी चहाच्या आधी वीस मिनिटं. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून सासूबाईंचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन गेले. आणि मोठे मोठे आधी घासायचे असा माझा हिशोब, काही चांगलेच मोठे होते, सेंटीमीटरभर, पांढरे, अंगावर लांब लांब झिपऱ्या, पायपुसण्याच्या गोंड्यासारखे. एक दिवस त्यातला एक ब्रश लावायच्या आत चालायला लागला. चालायला म्हणजे तुरुतुरु, फांदीवरनं वर. मिलीबग असा चालत नाही. भिंग घेऊन बघत बसले तर तो जाऊन एका कापसाच्या पुंजक्यात तोंड खुपसून बसला, पुंजका हलायला लागला, आणि पाच-सात मिनिटांनी तिथे नुसतं रिकामं पांढरं सालपट. चहा गार झाला. तो मिलीबग नव्हताच, ती मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची अळी होती, म्हणजे लेडीबर्डचं पिल्लू म्हणा. मेणाचे तसेच पांढरे धागे अंगावर घालून शत्रूच्या गोटात शिरलेली, आणि मी आधी फवारून आणि आता तर सगळ्यात आधी तिलाच वेचून मारत होते कारण ती सगळ्यात मोठी दिसते.

या ढालकिड्याचं नाव क्रिप्टोलेमस, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या देशात १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांसाठी आणलेला, आता इथलाच झालाय. प्रौढ किडा अगदी साधा असतो, चार मिलीमीटरचा, काळपट अंग आणि डोकं व शेपटीकडचा भाग नारिंगी, ठिपके वगैरे काही नाही त्यामुळे हा लेडीबर्ड आहे असं डोक्यातपण येत नाही. आपल्याकडचे स्किमनस जातीचे बारके ढालकिडे असतात त्यांच्या अळ्यापण अशाच पांढऱ्या, फक्त आकाराने लहान. म्हणून ब्रश लावण्याआधी एकच करा, काडीने हळूच ढोसा. जागेवर बसून राहिला, अंगावर आखूड मेणाची झालर आहे, तर मिलीबग, खुशाल घासा. झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या आहेत आणि पळतोय, तर हात मागे घ्या.

आणखी दोन गोष्टी मारू नका. एक म्हणजे फुगून कडक झालेले, तपकिरी-पिवळे पडलेले मिलीबग, कधी त्याला बारीक भोक पण दिसतं. त्याच्या पोटात एका मिलीमीटरहून लहान गांधीलमाशीने अंडं घातलेलं असतं, भोक असेल तर पिल्लू बाहेर पडलं, नसेल तर पडायचंय. पपईवरच्या मिलीबगने आपल्याकडे असाच धुमाकूळ घातला होता, २००८ मध्ये तो पहिल्यांदा कोइमतूरला सापडला, तिथून पसरत महाराष्ट्रात आला, आणि २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस नावाची अशीच एक टिचभर गांधीलमाशी मागवून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. फवाऱ्याने नाही आला. दुसरं, एपफ्लाय नावाचं एक बारकं करडं फुलपाखरू आहे, त्याची अळी चक्क मिलीबग खाते, फुलपाखराची अळी असून मांसाहारी, आणि कोष असा की समोरून बघितलं तर हुबेहूब माकडाचं तोंड. आमच्या भाच्याने दाखवला तेव्हा मला वाटलं फोटोत काहीतरी करून आणलंय.

पण हे एवढे खाणारे असताना मिलीबग वाढतोच कसा? इथेच खरी मेख आहे. मुंग्या.

मिलीबग रस पितो आणि जादाचा गोड चिकटा मागून सोडतो, तोच पानांवर पडतो आणि त्याच्यावर काजळी धरते. तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या मिलीबग अक्षरशः पाळतात, आपण म्हशी पाळतो तशा. ढालकिड्याची अळी आली की तिला हुसकतात, गांधीलमाशीला अंडी घालू देत नाहीत, आणि मिलीबगची बारीक पिल्लं तोंडात धरून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. मी फवारून वरचे सगळे मारायची, पण कुंडीच्या खाली आणि बुडाच्या भोकात मुंग्यांचं अख्खं गाव वसलेलं, ते तसंच. नवीन झाड आणलं तेव्हापण कुंडी त्याच कोपऱ्यात, त्याच गावावर ठेवली. माझी नर्सरी बदलली, गोठा तोच राहिला.

म्हणून आता माझा क्रम उलटा आहे, आधी मुंग्या, मग मिलीबग. खोडावर मुंग्यांची रांग वरखाली करताना दिसली की समजायचं वर काहीतरी आहे, पांढरं दिसायच्या आधीच समजतं.

कुंडी उचलून बघा, खाली अंडी घेऊन पळापळ झाली तर तिथेच वारूळ आहे. मी कुंडी तासभर पाण्याच्या टबमध्ये बुडवून ठेवली, सगळ्या वर येऊन पळाल्या, मग विटांवर न ठेवता लोखंडी स्टँडवर ठेवली आणि स्टँडचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. वाटीत साबणाचा थेंब टाकायचा, नाहीतर डासांची पैदास होते, आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. खोडाला बोटभर रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिन, थेट सालीवर नाही लावायचं, साल खराब होते. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात धूळ एवढी की आठ-दहा दिवसांत व्हॅसलिनवर मातीचा रस्ता तयार होतो आणि मुंग्या त्याच्यावरून आरामात जातात, म्हणून पुसून परत लावायचं.

एवढं सगळं करून आठ दिवसांनी परत शेंड्यावर मुंग्या! मी तर डोकं धरून बसले. वाट्या भरलेल्या, पट्टी स्वच्छ, मग येतात कुठून? संध्याकाळी कपडे काढताना दिसलं, दोरीवरनं. कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीला जास्वंदीची एक फांदी टेकलेली, भिंतीतल्या हुकापासून दोरीवरून शिस्तीत रांग चाललेली, माझ्या ओढणीवरूनसुद्धा. ती फांदी कापली. तुम्हीपण बघा, भिंत, ग्रिल, शेजारची कुंडी, आधाराची काठी, कुठेही एक पान टेकलं तरी तो पूल होतो, आणि मग खालचा सगळा बंदोबस्त वाया.

वारूळ भिंतीत किंवा फरशीखाली असेल, हात पोचत नसेल, तर आमिष ठेवा. अर्धा लिटर पाण्यात चार-पाच चमचे साखर आणि एक छोटा चमचा, सपाट, बोरिक पावडर, तीच कॅरमवर टाकतो ती, मेडिकलमध्ये मिळते. बाटलीच्या झाकणात कापूस भिजवून रांगेच्या बाजूला ठेवायचं. जास्त बोरिक घालू नका, जास्त घातलं की मुंगी वाटेतच मरते, आपल्याला ती घरी जाऊन बाकीच्यांना भरवायला हवीये. आठवडा-दोन आठवडे लागतात. लहान मुलं आणि मांजर-कुत्री असतील तर भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवा, आणि मधमाश्यांना पोचता येणार नाही अशा जागी.

मग मिलीबगकडे वळायचं. मुरडलेले शेंडे परत सरळ होत नाहीत, त्याची लाळच तशी असते, ते चार-सहा इंच खालून कापायचे. कापलेलं लगेच प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून दोन दिवस कडक उन्हात, मग कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नको आणि मी करायचे तसं गच्चीवरून खालच्या प्लॉटमध्ये भिरकवायचं तर मुळीच नको, मीच खालच्या गवतात बियाणं पेरत होते म्हणायचं. कात्री साबणाने धुवायची, मोगऱ्याकडे तीच न्यायची नाही.

उरलेल्यावर आधी नुसतं पाणी, पानाच्या मागच्या बाजूने जोरात, निम्मे तिथेच पडतात. मग साबण, लिटरला ५ मिली हँडवॉशसारखा सौम्य, त्याने अंगावरचं मेण सुटतं. हवं तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, पण आधी साबणात नीट फेटून घ्या, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कुंडीवर सगळं एकदम पडतं, माझी एक शेवंती अशी गेली. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबण फुटतो, फेस न येता पांढरा साका येतो, तसल्या पाण्याचा फवारा म्हणजे नुसती आंघोळ. आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकर सुरू होतो, मग फवाऱ्यापुरतं पिण्याचं पाणी वापरते, दोन लिटरचा तर प्रश्न आहे. फवारणी सूर्य मावळल्यावरच, दुपारी ३७-३८ डिग्रीत तेल मारलं तर पानं भाजतात, आणि संध्याकाळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात. फुलांवर नाही मारायचं.

आणि एकदा मारून थांबायचं नाही, इथेच बहुतेकांचं फसतं. मादी कापसाच्या पिशवीत शेकड्याने अंडी घालते, पाचशेच्या वरसुद्धा, साबण त्या पिशवीत शिरत नाही. आठवड्याभरात अंडी फुटतात, पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला मेण नसतं, तेव्हाच ती मरतात. म्हणून दर सात दिवसांनी, तीन वेळा, कॅलेंडरवर खूण करून. महिन्याभरात एक पिढी पुरी होते, तुम्ही एक रविवार लग्नाला गेलात की पुन्हा पहिल्यापासून. पण प्रत्येक फवाऱ्याआधी भिंग घेऊन बघा, झिपरी अळी असेल ती फांदी सोडा, साबण तिलापण मारतो. ती चार-पाच दिसायला लागली की मी फवारणं बंदच करते, पुढचं काम तिचं.

व्हर्टिसिलियमची पावडर पण काहीजण सांगतात, ती बुरशी आहे, तिला दमट हवा लागते, आपल्या कोरड्या मार्चमध्ये तिच्यावर पैसे घालवू नका, पावसाळ्यात बघा. आणि हो, खत! मी महाशिवरात्रीपासून दर आठवड्याला पेंडेचं पाणी घालत होते, कळ्या जास्त याव्यात म्हणून. नत्र जास्त झालं की पालवी कोवळी लुसलुशीत, रसाने भरलेली, मिलीबगला पंगतच. आता महिन्यातनं एकदा, तेही पातळ.

या वर्षी कापूस आलाच नाही असं नाही. फाल्गुनात तीन शेंड्यांवर आला, तीनही कापले, दोन फवारे झाले, तिसरा मारायला गेले तर दोन फांद्यांवर अळ्या दिसल्या म्हणून पंप ठेवून दिला. मागच्या संकष्टीला झाडावर पाच फुलं होती. सासूबाईंना पाचव्याच्या देठावर तो गोंडा दाखवला, भिंगातनं बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, अगं ते राहू दे तिथेच, जेवतोय तो, चार पुरे.